नव्या विकिपीडिया लेखिका टिकत का नाहीत, आणि मार्गदर्शकाने नेमकं काय करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही तालुक्याच्या गावी महाविद्यालयात ग्रंथपाल आहात. गेल्या वर्षी ८ मार्चच्या निमित्ताने तुम्ही मराठी विकिपीडियाची कार्यशाळा घेतलीत. तीसेक जणी आल्या, दिवस छान गेला, फोटो निघाले, प्रमाणपत्रं वाटली गेली. महिन्याभराने पाहिलं तर एकीचंही संपादन नव्हतं. यंदा पुन्हा कार्यशाळा घ्यायची आहे आणि मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव पुढे केलंय. आता यंदा वेगळं काय शिकवावं, असं तुम्ही विचारताय. शिवाय मला स्वतःला साचे (लेखात घालायच्या तयार चौकटी आणि पाट्या) वगैरे धड येत नाहीत, मी कसली मार्गदर्शक, हीही शंका आहेच.

शिकवण्यात फार बदल करू नका. तुमची कार्यशाळा चांगलीच झाली असणार, कारण त्या दिवसापुरत्या बहुतेक कार्यशाळा चांगल्याच होतात. त्या बाया गळाल्या त्या नंतरच्या दहा-पंधरा दिवसांत, आपापल्या घरी, एकट्या असताना. तिथे काय होतं ते आधी पाहू.

'बायकांना वेळ नसतो' आणि 'बायकांना तंत्रज्ञानाची भीती वाटते' ही दोन कारणं लगेच पुढे केली जातात. पहिल्यात तथ्य आहे. दुसरं मला पटत नाही. तुमच्याकडे आलेल्यांतल्या कितीतरी जणी बचतगटाचे हिशेब फोनवर ठेवत असतील, शाळेची ऑनलाइन माहिती भरत असतील, मुलांचे प्रवेशअर्ज भरत असतील. यांतला कुठलाही सरकारी अर्ज विकिपीडियाच्या संपादन खिडकीपेक्षा किचकट असतो. शिवाय २०११ साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने संपादकांची पाहणी केली, तिच्यात स्त्रिया दहा टक्क्यांच्याही आत भरल्या होत्या. ती पाहणी फक्त भारतातली नव्हती. ज्या देशांत संगणक घरोघरी कधीच पोचला होता तिथल्या बायकाही तिच्यात होत्या. तेव्हा यंत्राच्या भीतीवर सगळा दोष टाकता येत नाही.

आता जरा जवळून बघा. एका निवृत्त शिक्षिकेने रात्री सगळं आवरल्यावर आपल्या गावच्या जत्रेवर चार परिच्छेद लिहिले. बोटाने, फोनवर, जोडाक्षरं सांभाळत. जतन केलं आणि झोपली. सकाळी चहाच्या वेळी उघडून पाहते तर मजकूर गायब. लेखाच्या बदलांच्या इतिहासात कुणीतरी लिहिलंय, 'संदर्भहीन मजकूर काढला'. किंवा लेखाच्या माथ्यावर 'पानकाढा'ची, म्हणजे हा लेख काढून टाकावा अशी, पाटी लागलेली आहे. ज्याने हे केलं त्याचा त्यात अर्धा मिनिट गेला असेल. त्या दिवशी त्याने अशी वीसेक पानं तपासली असतील, आणि नियमाने पाहिलं तर त्याचं बरोबरही असेल. पण हिला त्यातून एवढंच कळतं की आपल्याला येत नाही आणि हे सगळ्यांना दिसलं. घरात सांगावं तर ऐकायला मिळणार, 'कुणी सांगितलीय नसती उठाठेव? पैसे देतायत का?' मग ती कुणालाच काही सांगत नाही. कार्यशाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारतही नाही, कारण गटावर बाकीच्या एकोणतीस जणी आहेत. ती फक्त पुन्हा पान उघडत नाही. महिन्याने तुम्हाला यादीत शून्य दिसतं आणि तुम्ही म्हणता, वेळ मिळाला नसेल.

पुरुषांचीही संपादनं अशीच उलटवली जातात आणि त्यांच्यातलेही पुष्कळ निघून जातात. पण काही जण भांडायला येतात, आणि भांडता भांडता शिकतात. माझ्या अनुभवात बायका भांडायला फार क्वचित येतात. म्हणून मार्गदर्शकाचं मुख्य काम मी एवढंच मानते की तिचं संपादन पहिल्यांदा उलटवलं जाईल तेव्हा आपण तिच्या बाजूला असावं. बाकी सगळं त्याच्यानंतर.

यासाठी काय करायचं? 'प्रोग्राम्स अँड इव्हेंट्स डॅशबोर्ड' नावाची सोय आहे. तिथे कार्यक्रमाचं पान तयार करून सगळ्यांची सदस्यनावं जोडली की कोणी कुठे काय बदललं ते एका जागी दिसतं. बहुतेक आयोजक ते पान अहवालासाठी वापरतात: किती लेख, किती बाइट. तुम्ही ते रोज संध्याकाळी पाच-दहा मिनिटं सोबतीसाठी उघडा, निदान पहिले दोन आठवडे. कुणाचं संपादन उलटवलेलं दिसलं की त्याच दिवशी तिला वैयक्तिक निरोप पाठवा किंवा फोन करा. 'ताई, तुमच्या लेखातला एक भाग काढलेला दिसतोय. नव्या माणसाचं हे होतंच. संध्याकाळी बसून बघू या का?' बस, एवढंच. 'काळजी करू नका, तुम्ही छानच लिहिलंय' वगैरे लावू नका. छान लिहिलं असतं तर काढलं कशाला, असं तिच्या मनात येणारच.

मग दोघींनी मिळून तो बदल वाचायचा. इतिहासात 'फरक' कसा दिसतो, डावीकडे जुनं आणि उजवीकडे नवं, कोणी कधी काढलं, कारण काय दिलं. बहुतेकदा कारण दोन-तीनच असतात: संदर्भ नाही, मजकूर कुठूनतरी जसाच्या तसा उचललाय, किंवा भाषा गौरवाची झालीय. कारण कळलं की चर्चा पानावर (प्रत्येक लेखाला जोडलेलं बोलण्याचं पान) उत्तर तिने स्वतः लिहायचं. लहान आणि साधं. उदाहरणार्थ: 'नमस्कार. आपण काढलेल्या मजकुरासाठी मी पुस्तकाचा पृष्ठ क्रमांकासह संदर्भ देत आहे. आणखी काही त्रुटी असल्यास कृपया सांगावे.' तुम्ही तिच्या वतीने लिहू नका आणि काढलेला मजकूर तुम्ही परत घालू नका. मार्गदर्शक मध्ये पडला की तो तिच्या नावाने चाललेला दुसऱ्यांचा वाद होतो आणि ती आणखी मागे सरते. याउलट तिने स्वतः दोन ओळी लिहिल्या आणि समोरून 'धन्यवाद, आता ठीक आहे' असं उत्तर आलं, तर ती बाई सहसा टिकते. असं उत्तर येतं का? वाटतं त्यापेक्षा पुष्कळ वेळा येतं.

कधी कधी काढणाऱ्याचंच बरोबर असतं. तिने वर्तमानपत्रातला लेख जसाच्या तसा उतरवलेला असतो. अशा वेळी गुळमुळीत बोलू नका. हा प्रताधिकाराचा भंग आहे, हे राहू शकत नाही, आपल्या शब्दांत पुन्हा लिहू या, असं सरळ सांगा. बायकांना खरं बोललेलं चालतं, चारचौघांत बोललेलं लागतं. तुम्ही ग्रंथपाल, तुम्हाला हे समजावणं सोपं जाईल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि 'इंटरनेटवर फुकट वाचता येतं' म्हणजे 'फुकट उचलता येतं' नव्हे, एवढं पहिल्या तासात सांगून टाका.

कार्यशाळेत एक नवी गोष्ट मात्र जरूर घाला. मी जोड्या लावते. प्रत्येकीने धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, एक परिच्छेद लिहायचा, मग शेजारणीने त्यातलं एक वाक्य कारण देऊन काढायचं, आणि पहिलीने चर्चा पानावर उत्तर द्यायचं. सुरुवातीला संकोच असतो, 'अहो, मी कसं काढू तुमचं?' असं होतं. पाच मिनिटांत हशा पिकतो, आणि पुढच्या पाच मिनिटांत काही जणी फारच जोमाने काढायला लागतात. घरी गेल्यावर खरोखरीचं वाक्य निघतं तेव्हा ते अनोळखी राहत नाही. शिवाय दुसऱ्याचं काढताना आपण कसा विचार केला हे आठवतं, मग काढणारा राक्षस वाटत नाही.

कार्यशाळेतली दुसरी गोष्ट मदतनिसांची. तुमच्याकडे बहुधा संगणक विभागातली मुलं मदतीला असतील. चांगली, उत्साही मुलं. पण बाई अडली की मुलगा फोन हातात घेतो, चार ठिकाणी बोट लावतो आणि 'झालं काकू' म्हणून परत देतो. काकूंना काय झालं ते कळलेलं नसतं. मी मदतनिसांना हात पाठीमागे बांधून उभं राहायला लावते. तोंडाने सांगायचं, बोट तिचंच चालायला हवं. वेळ जास्त लागतो आणि त्या दिवशीची लेखसंख्या कमी भरते. भरू दे.

आता पहिलं काम कोणतं द्यावं. महिला दिन म्हटलं की आयोजक 'कर्तृत्ववान स्त्रियांची चरित्रं लिहा' असं ठरवतात. हेतू योग्यच आहे. इंग्रजी विकिपीडियावर २०१५च्या सुमाराला चरित्रलेखांपैकी स्त्रियांची चरित्रं सुमारे १५ टक्के होती. तेव्हा सुरू झालेल्या 'विमेन इन रेड' प्रकल्पाने आणि इतरांनी चिकाटीने काम करून हा आकडा आता वीस टक्क्यांच्या आसपास आणलाय. काम अजून भरपूर आहे. पण हयात व्यक्तीचं चरित्र हा विकिपीडियावरचा सर्वांत अवघड प्रकार आहे. प्रत्येक वाक्याला संदर्भ लागतो, भाषा लगेच गौरवाकडे झुकते, आणि व्यक्ती उल्लेखनीय आहे का, हा वाद इथेच सर्वाधिक होतो. नव्या बाईला पहिल्याच दिवशी तिथे उतरवणं म्हणजे तिला उलटवणीच्या तोंडी देणं.

हे उल्लेखनीयतेचं प्रकरण जरा नीट समजून घ्या, कारण तुम्हाला ते पुन्हा पुन्हा समजवावं लागणार आहे. डोना स्ट्रिकलंड या कॅनडातल्या पदार्थवैज्ञानिक. मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्याबद्दलचा मसुदा पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला गेला. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना नोबेल जाहीर झालं, तेव्हा त्यांच्यावर लेखच नव्हता. मारी क्युरी आणि मारिया ग्योपर्ट-मायर यांच्यानंतर पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालेल्या त्या तिसऱ्याच बाई. मसुदा परत पाठवणाऱ्याने नियम मोडला नव्हता. इतरांनी त्यांच्याबद्दल आधी लिहिलेलं नव्हतं, आणि विकिपीडिया इतरांनी लिहिलेल्यावरच उभा राहतो. बायकांबद्दल बाहेर कमी छापलं जातं, म्हणून आतही कमी येतं. हा किस्सा मी सांगते, कारण 'उल्लेखनीय नाही' याचा अर्थ 'मोठी नाही' असा होत नाही, हे त्यातून चटकन पोचतं.

कारण तुमच्यासमोर हमखास एक बाई येणार, जिला सासूबाईंवर लेख लिहायचाय. सासूबाईंनी आयुष्यभर खेड्यात बालवाडी चालवली, दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. छापील काही नाही, एका स्मरणिकेतला फोटो तेवढा आहे. 'नियमात बसत नाही' असं म्हटलंत तर ती बाई गेली. मी विचारते, सासूबाई शिकल्या कुठे? एकदा उत्तर आलं, कोसबाडला. मग वाट मोकळी झाली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथे आल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. यावर पुस्तकं आहेत, विश्वकोशात नोंद आहे, दोघींना पद्म सन्मान मिळालेले आहेत. बालवाडीत साधनं कोणती असत, मुलांना कसं जमवत, हे सगळं या बाईने घरात ऐकलेलं. त्यामुळे पुस्तकातलं काय महत्त्वाचं आणि काय नाही हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळलं. या केंद्रावरच्या तिच्या लेखात सासूबाईंचं नाव आलं नाही. त्याची खंत तिला राहिली, आणि ती मी खोडून काढायला गेले नाही.

हीच गोष्ट ओव्या, भोंडल्याची गाणी, घरगुती रीती यांची. 'आमच्याकडे असं म्हणतात' हा विकिपीडियासाठी संदर्भ नाही. पण छापील संग्रह आहेत, आणि हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यांचा आधार घेता येतो. आपल्या गळ्यातली पारंपरिक ओवी ध्वनिमुद्रित करून विकिमीडिया कॉमन्स या चित्रं-ध्वनींच्या मुक्त भांडारावर चढवता येते, तिथे संदर्भाचा हा नियम लागत नाही. लिहायला बिचकणाऱ्या पण गायला न बिचकणाऱ्या बायका सगळ्या गटांत असतात.

तर पहिलं काम म्हणून मी काय देते? लहान, वाद न होणारं, आणि पुरं झालेलं डोळ्यांना दिसणारं. तुमच्याकडे ग्रंथालय आहे, हे तुमचं मोठंच बळ. आधीच असलेल्या लेखात 'संदर्भ हवा' अशी खूण असलेलं वाक्य घ्यायचं, कपाटातून पुस्तक काढायचं, पान शोधायचं, संदर्भ जोडायचा. संदर्भ ऑनलाइनच असायला हवा असा नियम नाही. छापील पुस्तक, प्रकाशन, वर्ष, पृष्ठ क्रमांक दिला की पुरतं. हे काम वीस मिनिटांत होतं, आणि संदर्भ जोडलेला कुणी उलटवत नाही.

दुसरं काम नावांचं, आणि हे माझ्या आवडीचं आहे. आपल्याकडे लग्नात बाईचं आडनाव बदलतं, कधी पहिलं नावही. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. कमला सोहोनींना १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळाली तेव्हा त्या कमला भागवत होत्या, म्हणजे त्या काळचे त्यांचे शोधनिबंध 'सोहोनी' या नावाने शोधून मिळणारच नाहीत. मालतीबाई बेडेकर माहेरच्या बाळूताई खरे आणि लिहायच्या विभावरी शिरूरकर या नावाने, एका बाईच्या नोंदी सूचीत तीन ठिकाणी. लेख असतो, पण वाचक दुसऱ्या नावाने शोधतो आणि हात हलवत परत जातो. म्हणून माहेरच्या किंवा टोपणनावावरून मूळ लेखाकडे पुनर्निर्देशन करायचं, म्हणजे ते नाव शोधणारा आपोआप लेखावर पोचतो, लेखात दोन्ही नावं संदर्भासह घालायची. नव्या बायका हे काम फार बारकाईने करतात. हा प्रकार त्यांना समजावून सांगावा लागत नाही, त्यांच्या स्वतःच्या कागदपत्रांत तो घोळ असतोच. चरित्रलेखाच्या पहिल्याच वाक्यात 'अमुक यांच्या पत्नी' असं दिसलं तर ते खाली कुटुंबाच्या विभागात न्यायचं, हेही जाता जाता शिकून होतं.

तिसरी जागा मराठी विकिस्रोत. हक्क संपलेल्या पुस्तकांचं स्कॅन एका बाजूला आणि यंत्राने ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूला. चुका दुरुस्त करत जायचं. एक पान तपासलं की त्याची खूण पिवळी होते, दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासलं की हिरवी. पहिलीलाच दोन्ही खुणा करता येत नाहीत, त्यामुळे दोघींची जोडी आपोआप जमते. उल्लेखनीयता नाही, वाद नाही, शैलीवरून बोलणी नाहीत. दुपारच्या निवांत वेळात एक पान करून उठता येतं. निवृत्त शिक्षिकांना हे काम लावलं की त्यांना थांबवावं लागतं, असा माझा अनुभव आहे. लाल पेनाची सवय असते ना!

एक काम मात्र पहिल्यांदा देऊ नका, इंग्रजी लेखाचं यंत्राने भाषांतर. भाषांतराचं साधन उपयोगी आहे आणि पुढे जरूर शिकवा. पण नव्या बाईला यंत्राचं मराठी बदलायचं धाडस होत नाही. छापून आलंय म्हणजे बरोबर असेल, असं वाटतं. मग तो लेख वाचवत नाही, आणि पाटी लागते.

आता तुमच्या-माझ्या हातात नसलेल्या गोष्टी. तुमच्याकडे कोण येतंय त्यावर बरंच अवलंबून आहे. श्रेयांकासाठी आलेल्या विद्यार्थिनी श्रेयांक मिळाले की जाणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, त्यांतली एखादी नोकरी लागल्यावर परत येते. लहान मुलं असलेल्या बायांना रात्रीचाच वेळ असतो आणि तोही सलग नसतो. त्यांच्यासाठी काम फोनवर होणारं हवं. शेतीच्या घरातली बाई पेरणीत आणि काढणीत दिसणार नाही. मुलांच्या परीक्षा, दिवाळी, घरातलं आजारपण, यांत कामं थांबतातच. ती दोन महिन्यांनी परत आली की 'कुठे होतात?' असं विचारू नका. 'हे एक पान अर्धं राहिलंय, बघता का?' असं म्हणा. गटातून तिचं नाव काढून टाकण्याची घाई तर मुळीच नको.

आणि गट किती मोठा असावा हेही तुमच्या वेळेवर आहे. तीस जणींची रोजची विचारपूस एकटीला झेपत नाही. पाच-सहा जणींमागे एक सोबतीण हवी. तेवढ्या सोबतिणी नसतील तर बायकाच कमी बोलवा. संस्थेला हे पटवणं कठीण जाईल, कारण अहवालात तीस हा आकडा बरा दिसतो. मी सांगते की बातमीत तीस छापा, पण नोंदणी दोन तुकड्यांत घ्या.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. खातं काढताना सदस्यनाव काय घ्यायचं याचा विचार आधी व्हावा. विकिपीडियावरची सगळी संपादनं त्या नावाखाली, तारीख-वेळेसह, कायमची आणि जाहीर राहतात. कुणाला आपलं खरं नाव दिसायला हवं असतं, श्रेय म्हणून. कुणाला ते घरी किंवा कचेरीत कळायला नको असतं. दोन्ही ठीक. फक्त निवड तिची असावी, आणि नाव नंतर बदलून मागता येतं हे तिला माहीत असावं. सदस्य पानावर फोन नंबर, गावचा पत्ता, मुलांचे फोटो नकोत. व्हॉट्सअ‍ॅप गटात घातलं की तिचा नंबर सगळ्यांना दिसतो, म्हणून आधी विचारा. विकिपीडियावरून कुणी इमेल पाठवून त्रास देत असेल तर त्या सदस्याचे इमेल बंद करण्याची सोय पसंतीक्रमात आहे, ती कार्यशाळेतच दाखवा. आणि कुणी पुरुष संपादक मदत करायला आला तर चांगलंच आहे, माझ्या ओळखीचे उत्तम मार्गदर्शक पुरुष आहेत. पण मदत लेखाच्या किंवा सदस्याच्या चर्चा पानावर, सगळ्यांना दिसेल अशी व्हावी. रात्री अकराला वैयक्तिक निरोपात संदर्भ शिकवण्याची काही गरज नसते. त्रास झालाच तर तिने एकटीने उत्तर देत बसू नये. तुम्हाला सांगावं आणि तुम्ही प्रचालकांकडे (विकिपीडियाची व्यवस्था पाहणारे जादा अधिकारांचे सदस्य) जावं. विकिमीडियाची सर्वत्र लागू असलेली आचारसंहिता आहे, तिचा दाखला देता येतो.

एक तांत्रिक गोष्ट, नाहीतर सकाळचे दोन तास वाया जातील. एकाच इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती काढता येतात. तुमच्या संगणक कक्षात सातव्या बाईला खातं नाकारलं जाईल आणि तिला वाटेल आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून खाती आदल्या आठवड्यात घरून काढून यायला सांगा, किंवा त्या दिवसापुरती मर्यादा उठवण्याची विनंती आधीच करून ठेवा. चावडीवर (मराठी विकिपीडियाचं सगळ्यांच्या चर्चेचं पान) एक सूचना टाका: अमुक तारखेला अमुक ठिकाणी नव्या सदस्या लिहिणार आहेत, लेखांवर 'काम चालू' अशी पाटी असेल, काही काढायचं झाल्यास आधी चर्चा पानावर कळवावं. सगळे ऐकतील असं नाही. पण गस्त घालणारे चार-पाच जणच असतात, आणि त्यांतले बहुतेक अशी सूचना पाळतात.

राहिला तुमच्या पात्रतेचा प्रश्न. साचे येत नाहीत म्हणता, तर मलाही सगळे येत नाहीत. अडलं की चावडीवर विचारते, कुणीतरी सांगतं. मार्गदर्शक विचारतोय हे नव्या बायकांनी पाहिलं तर त्यांचाही विचारण्याचा संकोच जातो. तुम्हाला पुस्तकात पान शोधता येतं, संदर्भ कसा द्यायचा ते कळतं, आणि गेल्या वर्षी आलेल्या बायका कोण आहेत हे माहीत आहे. पुरे आहे. मात्र तुमचं स्वतःचं संपादन अधूनमधून चालू ठेवा. ज्याचं गेल्या वर्षभरात काहीच उलटवलं गेलेलं नाही त्याला ते कसं लागतं याचा विसर पडतो.

प्रमाणपत्रं द्यावीत का? द्या, बऱ्याच जणींना घरी दाखवायला ती उपयोगी पडतात. 'सरकारी कॉलेजने दिलंय' म्हटलं की उठाठेव हा शब्द जरा कमी ऐकू येतो. फक्त ती त्याच दिवशी वाटू नका. महिन्याभराने सगळ्यांना पुन्हा ग्रंथालयात बोलवा, चहा ठेवा, तासभर एकत्र संपादन करा आणि तेव्हा द्या. ती दुसरी भेट खरी उपयोगाची. पहिल्या भेटीत कुणाला प्रश्न नसतात, दुसऱ्यात असतात.

आणि नव्या कार्यशाळेची पत्रिका छापायच्या आधी गेल्या वर्षीची यादी काढा. डॅशबोर्ड केला नसलात तरी सदस्यनावं हजेरीपटावर असतील. प्रत्येकीचं योगदान पान उघडून तिचं शेवटचं संपादन कोणतं ते पाहा, ते उलटवलं गेलं होतं का तेही पाहा. जिचं उलटवलं गेलं होतं, तिला आधी फोन करा. वर्ष झालं असलं तरी चालेल. 'तुमचा तो जत्रेचा मजकूर काढला होता, आपल्या ग्रंथालयात जिल्हा गॅझेटियर आहे, त्यात जत्रेची नोंद असेल तर बघू, शनिवारी येता का?' असं विचारा. अशा चार जणी जरी आल्या तरी यंदाच्या कार्यशाळेला तुम्हाला सोबतिणी मिळाल्या, आणि त्या कॉलेजच्या मुलांपेक्षा चांगल्या सोबतिणी असतील.